मृगाआधीची नोटीस

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत (वेल्ह्याचे सरकारी नाव आता राजगड झाले असले, तरी लोकांच्या तोंडी अद्याप वेल्हेच आहे) 'नोटीस' हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. सह्याद्रीच्या कुशीतल्या या मुलखात पाऊस अमाप आणि नद्यांची खोरी अरुंद, त्यामुळे धरणे बांधणाऱ्यांची दृष्टी इकडे फार पूर्वीच वळली. भाटघरचे आजचे धरण १९२८ साली पुरे झाले, आणि त्यानंतर पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी अशी एकामागून एक धरणे याच दोन तालुक्यांच्या खोऱ्यांत उभी राहिली. ज्यांची खाचरे पाण्याखाली गेली, त्यांच्या घरच्या फडताळात जुन्या सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी भूसंपादनाची नोटीस आजही घडी करून ठेवलेली सापडते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यातील चौथ्या कलमाची जाहीर सूचना, १९२३ च्या दुरुस्तीने आलेला हरकत घेण्याचा हक्क, मग सहाव्या कलमाचे जाहीर प्रकटन आणि नवव्या कलमाची हितसंबंधितांना नोटीस, ही सगळी पायरी-पायरीची वाट इकडच्या अक्षरशत्रू म्हाताऱ्यांनाही कलमांच्या आकड्यांनिशी पाठ असे. त्या वाटेने न्याय मिळालाच असे नाही. पुनर्वसनाच्या कहाण्या इथे सांगू लागलो तर हा लेख त्यांतच संपेल. परंतु परक्या राजवटीने केलेल्या त्या कायद्यानेही एक गोष्ट मान्य केली होती, ती ही की माणसाच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची असेल तर ती काढून घेण्याच्या अगोदर त्याला सांगितले पाहिजे, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे.

त्या धरणग्रस्तांचे नातू आता पहाटे चेलाडीच्या किंवा कापूरहोळच्या फाट्यावर कंपनीच्या बसची वाट पाहत उभे असतात. कोणी नीरेपलीकडे शिरवळला जातो, कोणी खेड-शिवापूरकडे, कोणी थेट पुण्याला. खाचरे वाटण्या होऊन गुंठ्यांवर आली, आणि त्यांच्या पायाखालची जमीन म्हणजे आता महिन्याच्या सात तारखेला खात्यावर जमा होणारा पगार आहे. ही जमीन काढून घेण्यापूर्वी आधी सांगण्याचे बंधन कोणावर, किती आणि कसे आहे, हा या लेखाचा विषय.

प्रश्न कायद्याचा आहे, पण त्याआधी तो दोन माणसांमधला आहे. माझ्या परिचयाचे एक गृहस्थ महामार्गालगतच्या एका कारखान्यात पाळीप्रमुख होते. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात. एका वर्षी मे महिन्याच्या मध्यावर वरिष्ठांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून एक यादी दाखवली आणि ऑगस्टपर्यंत ही गोष्ट ओठाबाहेर जाता कामा नये अशी सक्त ताकीद दिली. यादीत त्यांच्याच गावचा, त्यांनीच कामाला लावलेला एक तरुण होता. त्यानंतर आठ दिवसांनी तो तरुण जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्याशेजारी येऊन बसला.

"तात्या, घराचं काम काढावं म्हणतोय. पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालंय. कंपनीचं काय इकडंतिकडं नाही ना?"

तात्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात धरला आणि म्हणाले, "पावसाळा जाऊ दे. मग बघू."

आपण इशारा दिला, अशी तात्यांची त्या वेळी प्रामाणिक समजूत होती. तरुणाने मात्र त्याचा अर्थ वडीलधाऱ्या माणसाने पावसापाण्याचा दिलेला सल्ला एवढाच घेतला, आणि पावसात काम अडकू नये म्हणून उलट घाई केली. मृग निघण्याआधी त्याने कर्ज उचलले, पाया खणला, जोत्यापर्यंत बांधकाम आणले; आणि ओव्हरटाइम बुडू नये म्हणून त्या वर्षी खाचरात भातरोपांचा तरवाही टाकला नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात यादी फलकावर लागली. घराचे जोते पुढे तीन पावसाळे तसेच उघड्यावर भिजत होते. "मी त्याला सांगितलं होतं," असे तात्या अजूनही म्हणतात. पण हे वाक्य म्हणताना ते समोरच्याकडे पाहत नाहीत.

या प्रसंगात दुष्ट असे कोणीच नाही, आणि म्हणूनच तो विचार करण्याजोगा आहे. कारखान्याच्या चालकांना मागणी घटल्याचे दिसत होते, परंतु एखादी मोठी ऑर्डर येईल अशी आशाही होती. तात्यांना आपली नोकरी आणि आपला शब्द दोन्ही राखायचे होते. आणि तरुणाने विचारायचा तो प्रश्न योग्य वेळी, योग्य माणसाला, सरळ शब्दांत विचारला होता. तरीही शेवटी नुकसान झाले ते एकट्या त्याचे, कारण या तिघांपैकी ज्याला माहितीची सर्वांत अधिक गरज होती, तेवढा एकच माणूस माहितीवाचून राहिला.

येथे शब्दांचा थोडा विचार केला पाहिजे, कारण आपल्या भाषेत या बाबतीत पुष्कळ गोंधळ आहे. नोकरीवरून दूर करण्यासाठी आपल्याकडे पेशवाईच्या दप्तरापासून चालत आलेला शब्द 'बडतर्फ'. तो फारसीतील 'बर-तरफ', म्हणजे बाजूला, यावरून आला. मूळ अर्थात दोषारोप नव्हता, पण व्यवहारात तो अपराधाची शिक्षा या अर्थाने रूढ झाला. ज्याचा काहीही अपराध नाही, केवळ काम उरले नाही म्हणून ज्याला घरी जावे लागते, त्याच्यासाठी कायद्याच्या मराठीत 'कामगार कपात' किंवा 'छाटणी' हे शब्द आहेत, आणि गावात मात्र दोघांनाही एकच शब्द मिळतो: 'काढला'. 'ले-ऑफ' या शब्दाचीही तीच गत झाली आहे. संगणक कंपन्यांतील मुले तो कायमच्या कपातीसाठी वापरतात. आपल्या औद्योगिक कायद्यात मात्र ले-ऑफ म्हणजे कच्चा माल, वीज किंवा अशाच कारणाने तात्पुरते काम देता न येणे, ज्यात कामगाराचे नाव मस्टरवर राहते आणि पन्नास वा अधिक कामगारांच्या कारखान्यात, एक वर्षाची सेवा झालेल्या कामगाराला, मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. टाळेबंदी ही वादातली चाल आहे, आणि कारखाना कायमचा बंद करणे ही चौथी निराळी गोष्ट. फलकावर लागलेल्या कागदात यांपैकी कोणता शब्द आहे हे पाहिल्याशिवाय आपला हक्क कोणता हे कळत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात मुळात कपातीविषयी काही नव्हते. १९५३ साली कापडगिरण्यांत मालाचे साठे तुंबले, हजारो कामगारांना घरी बसावे लागेल असे दिसू लागले, तेव्हा आधी वटहुकूम आणि मग दुरुस्ती करून 'पाच-अ' हे प्रकरण घातले गेले. त्यातील कलम पंचवीस-एफ याच प्रश्नाचे उत्तर देत होते: ज्याने वर्षभर अखंड सेवा केली आहे, त्याला कारणे नमूद केलेली एक महिन्याची लेखी नोटीस दिल्याशिवाय, अथवा त्या नोटिशीऐवजी महिन्याचा पगार दिल्याशिवाय, आणि प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई दिल्याशिवाय कमी करता येत नाही. वर्षभराची अखंड सेवा म्हणजे बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवसांचे काम. हा आकडा फाट्यावरच्या प्रत्येक पोराला तोंडपाठ असतो, कारण तो भरू नये म्हणूनच त्याला मध्येच 'ब्रेक' दिला जातो. जो शेवटी आला तो आधी जाईल हे तत्त्व, त्यासाठी ज्येष्ठता यादी किमान सात दिवस आधी फलकावर लावण्याचा नियम, आणि पुढे भरती निघाली तर कपात झालेल्यांना अग्रक्रम, हेही त्याच व्यवस्थेचे भाग. पुढे १९७२ साली, कारखाना बंद करायचा असल्यास साठ दिवसांची सूचना आली. १९७६ साली मोठ्या कारखान्यांना कपातीपूर्वी तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची पूर्वपरवानगी बंधनकारक झाली. 'मोठा' म्हणजे तीनशे कामगारांचा. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा शंभरावर आली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा तीनशेवर नेली. महिन्याची नोटीस आणि पंधरा दिवसांची भरपाई या संहितेतही आहेत. त्यात कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने आणखी पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरण्याची भर पडली आहे.

या अटी केवळ शिष्टाचाराच्या नाहीत, हे ठरवून देणारा निवाडा मुंबईतल्या एका प्रकरणातून आला. जे. जे. रुग्णालय-समूहात तात्पुरत्या नेमणुकीवर असलेल्या दोन वॉर्ड-सेविकांना कमी करण्यात आले, आणि त्यांच्या जागी दुसऱ्या एका सरकारी खात्यातून कमी झालेले लोक घेण्यात आले. कायद्याप्रमाणे देय असलेली भरपाई मात्र त्या सेविकांना दिली गेली नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९६० च्या जानेवारीत न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी, म्हणजे साताऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे देशाच्या सरन्यायाधीशपदी बसलेल्या न्यायाधीशांनी, असा निर्णय दिला की ही भरपाई ही कपातीची पूर्वअट आहे, ती पाळली नाही तर कपात झालीच नाही असे मानले पाहिजे. दोन वॉर्ड-सेविकांच्या वतीने त्यांची संघटना मुंबई सरकारविरुद्ध उभी राहते आणि त्यातून साऱ्या देशाचा कायदा स्पष्ट होतो, ही घटना आपल्या कामगार-इतिहासात अभिमानाने सांगावी अशी आहे.

परंतु कायद्याच्या या भिंतीला दोन मोठी भगदाडे आहेत. पहिले, नोटिशीऐवजी पगार देण्याची मुभा. कायदा येथे मुदत आणि पैसा यांना एकमेकांच्या बदल्यात चालणारी नाणी समजतो, आणि ती तशी नाहीत. भोर-वेल्ह्याच्या शेतकरी-कामगाराला मेच्या मध्यावर कळले, तर तो मृगाआधी तरवा टाकतो, आषाढात लावणी उरकतो, आणि दिवाळीला घरात इंद्रायणीचे भात येते. मुलाचे नाव जूनमध्ये कमी फीच्या शाळेत घालतो. बहिणीच्या लग्नाची सुपारी फुटली नसेल तर ती पुढल्या साली फोडतो. काढायचे कर्ज काढत नाही. तीच गोष्ट ऑगस्टमध्ये कळली, तर एका महिन्याच्या पगारात पडीक राहिलेल्या खाचराचे पीक विकत मिळत नाही आणि उचललेल्या कर्जाचा हप्ताही मागे फिरत नाही. दुसरे भगदाड कंत्राटी आणि मुदतबंद नेमणुकीचे. १९८४ च्या दुरुस्तीने, ठरलेल्या मुदतीचा करार संपून नूतन झाला नाही तर ती कपात नव्हे असे ठरले, आणि बसमधून उतरणाऱ्या मुलांपैकी कित्येकांच्या बाबतीत कागदावर त्यांना कोणी कमी करतच नाही. केवळ उद्यापासून गेटवर त्यांचा पास चालत नाही.

ही अवस्था नवी नाही. भोर-वेल्ह्याच्या कित्येक गावांची एक फांदी मुंबईत वाढलेली होती, आणि गिरणगावात 'बदली' कामगार नावाचा एक वर्गच होता. पाळीच्या वेळी दरवाजाशी हजर राहायचे, कायम कामगारांपैकी कोणी खाडा केला असेल तर आत जायचे, नाहीतर डबा घेऊन खोलीवर परतायचे. आज काम आहे की नाही हे त्याला रोज नव्याने कळत असे. कायम कामगारालाही व्यवस्थापन काही सांगत नसे, पण जाणते लोक चिन्हे वाचत: कापसाच्या गाठी कमी येऊ लागल्या, मोडलेला साचा दुरुस्त न करता कोपऱ्यात लोटला गेला, रात्रपाळी बंद झाली, की आता काही खरे नाही असे समजायचे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे तो संपला केव्हा हेही कोणाला सांगता आले नाही. कित्येक जण गाठोडे बांधून गावी आले ते 'बोलावणे येईल' या भरवशावर. बोलावणे आले नाही, आणि येणार नाही असेही कोणी कळवले नाही. घरी बसलेल्या माणसाला नकारापेक्षाही ही अनिश्चितता अधिक कुरतडते, कारण नकारानंतर निदान दुसरा रस्ता धरता येतो.

आता दुसरी बाजूही तितक्याच निष्पक्षपणे ऐकली पाहिजे. मालक म्हणतो, कपातीची वार्ता फुटली की आधी जातात ते कुशल लोक, कारण त्यांना दुसरीकडे दार उघडे असते, आणि ज्यांच्या बळावर कारखाना वाचला असता तेच गेल्यामुळे जो कदाचित तरला असता तो नक्की बुडतो. पुरवठादार उधारी थांबवतात, बँक तगादा लावते, गिऱ्हाईक दुसरा उत्पादक शोधते. क्वचित चिडलेला कामगार यंत्राची नासधूस करील अशीही भीती असते. भागबाजारात नोंदलेल्या कंपनीला, भावावर परिणाम करणारी माहिती जाहीर होण्यापूर्वी निवडक लोकांना सांगता येत नाही. आणि सर्वांत बळकट युक्तिवाद असा की निर्णयच झालेला नसताना काय सांगायचे? शक्यता म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. प्रत्येक मंदीत धोक्याची घंटा वाजवली तर लोक तिच्याकडे लक्ष देणे सोडतील.

या आक्षेपांत तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु बारकाईने पाहिले तर त्यांतील बहुतेक आक्षेप सांगावे की नाही याविषयी नसून कसे आणि केव्हा सांगावे याविषयी आहेत. कुशल माणसांना थांबवायचे असेल तर अखेरपर्यंत थांबणाऱ्याला वाढीव रक्कम देता येते. त्याला अंधारात ठेवून थांबवणे म्हणजे त्याचे श्रम फसवून घेणे होय. भागबाजाराचा नियम निवडक लोकांच्या कानात सांगण्याला मनाई करतो. सर्वांना एकाच वेळी, उघडपणे सांगण्याला नाही. तात्यांनी भाकरी मोडता मोडता दिलेली मोघम सूचना चुकीची ठरते ती याच कारणाने: जी सूचना सर्वांना सारखी, लेखी आणि तारखेनिशी मिळत नाही, ती ओळखीच्या माणसावर केलेली मेहेरबानी होते, आणि ज्याच्यावर मेहेरबानी करायची त्यालाही ती धड पोहोचत नाही.

शिवाय मालकवर्ग स्वतः मुदतीची किंमत पुरेपूर जाणतो. कोणतेही नेमणूकपत्र काढून पाहा. नोकराने नोकरी सोडायची झाल्यास एक महिना, दोन महिने, संगणक कंपन्यांत तर कित्येकदा तीन महिने आधी सूचना द्यावी, असे कलम त्यात असते, आणि तीन महिने पुरे भरल्याशिवाय अनुभवाचा दाखला मिळत नाही. एक माणूस गेल्याने एवढ्या मोठ्या कंपनीचे कामकाज विस्कटू नये म्हणून जर तीन महिने लागत असतील, तर नोकरी गेल्याने एका कुटुंबाचे विस्कटलेले काम सावरायला एका संध्याकाळचा ई-मेल पुरेल, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात ते मला ठाऊक नाही.

बाहेरच्या जगात याची उत्तरे निरनिराळी दिली गेली आहेत. अमेरिकेसारख्या, मालकाला हवे तेव्हा नोकर काढण्याची मोकळीक देणाऱ्या देशानेही १९८८ साली कायदा करून शंभर वा अधिक नोकर असलेल्या मालकांवर सामुदायिक कपातीपूर्वी साठ दिवसांची नोटीस बंधनकारक केली; अध्यक्ष रेगन यांनी त्यावर स्वाक्षरी केली नाही, तरी तो त्यांच्या स्वाक्षरीवाचून कायदा झाला. युरोपीय देशांनी १९७५ पासून आणखी एक पाऊल पुढे टाकले: तेथे केवळ कळवून भागत नाही, तर निर्णय पक्का होण्यापूर्वी कामगारांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय करावा लागतो, कपात टाळता येईल का आणि तिचे चटके कमी करता येतील का हे त्यांच्यासमोर बसून तपासावे लागते. आपल्या भूसंपादन कायद्यातील हरकतीच्या हक्काशी या कल्पनेचे नाते आहे हे भोरच्या माणसाला चटकन उमजेल.

आधी सांगितले म्हणजे सर्व काही सुरळीत होते, असा भोळा समज मात्र करून घेऊ नये. पुणे जिल्ह्यातच, तळेगावच्या जनरल मोटर्सने आपला कारखाना एका चिनी कंपनीला विकण्याचा बेत जानेवारी २०२० मध्ये जाहीर केला आणि डिसेंबरअखेर उत्पादन थांबवले. म्हणजे जगाला जवळजवळ वर्षभर आधी ठाऊक होते. तरीही पुढल्या वर्षी चौदाशेच्या आसपास कामगारांची कपात झाली तेव्हा भरपाईवरून आणि कपातीच्या वैधतेवरून दीर्घ झगडा झालाच. उलट, नुसता आकडा सांगून नावे गुलदस्त्यात ठेवण्याचा प्रकारही पाहायला मिळतो. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर नोकर कमी करणार असल्याचे जाहीर केले; अशा घोषणेनंतर दोनांतले कोण हे कळेपर्यंत उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचीही झोप उडते. तेव्हा सूचना ही भरपाईची जागा घेऊ शकत नाही, आणि अपुरी सूचना हीदेखील एक प्रकारची शिक्षाच होऊ शकते. कोणाला, का, कोणत्या तारखेपासून, आणि देणे किती, ही चार उत्तरे कामगाराला कळणाऱ्या भाषेत ज्या कागदावर असतील, आणि तो कागद जो माणूस समोर बसून वाचून दाखवील, त्यालाच नोटीस म्हणावे.

राहता राहिला तो सर्वांत बळकट युक्तिवाद, की निर्णय झाला नसताना आणि आशा शिल्लक असताना काय सांगायचे. याचे उत्तर शोधायला वेल्ह्याबाहेर जावे लागत नाही. १९६१ च्या जुलै महिन्यात याच तालुक्यातले पानशेतचे मातीचे धरण, त्याचे काम पुरते झालेले नसतानाच, प्रथम पावसाच्या पाण्याने भरू लागले आणि बांध खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी मुसळधार पावसात वाळूची पोती रचून तो सावरण्याची शर्थ केली. धरण टिकेल ही आशा खोटी नव्हती, आणि त्या आशेपायी झालेले कष्ट तर प्रणामास पात्र आहेत. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले, दुपारी खाली खडकवासल्याचेही फुटले, आणि नदीकाठचे पुणे पाण्याखाली गेले. वर रात्रभर काय चालले होते याची पुरेशी आणि स्पष्ट खबर त्या सकाळी शहरातल्या बहुसंख्य लोकांपर्यंत पोहोचलेली नव्हती.

धरण फुटेल असे त्या रात्री खात्रीने कोणालाच सांगता आले नसते. परंतु ज्या क्षणी पोती रचण्याची गरज भासली, त्या क्षणी खालच्या माणसाला सांगण्याची गरजही निर्माण झाली होती. वाचवण्याची धडपड आणि धोक्याची सूचना या एकाच वेळी करण्याच्या गोष्टी आहेत. एक चालू आहे म्हणून दुसरी टाळता येत नाही. निर्णय झाल्यावर सांगू असे म्हणणाऱ्या मालकाने स्वतःला एवढेच विचारावे, की आपण पोती रचायला सुरुवात केली आहे काय? यादी टंकून झाली असेल, वकिलाचा सल्ला घेऊन झाला असेल, पाळीप्रमुखाला केबिनमध्ये बोलावून ताकीद दिली गेली असेल, तर सांगण्याची वेळ झालेली आहे, मग ऑर्डर येण्याची आशा कितीही असो. आशा खरी ठरली तर कोणीही तक्रार करणार नाही. फार तर एखाद्याचे घर वर्षभर उशिरा उठेल.

त्या रात्रीची आणखी एक गोष्ट विसरण्याजोगी नाही. जवानांच्या पोत्यांनी धरण वाचले नाही. पण त्यांनी ते काही तास अधिक तगवले, आणि त्यामुळे पाणी पुण्यात शिरले ते रात्रीच्या अंधारात, झोपलेल्या माणसांवर नव्हे, तर दिवसाउजेडी. कित्येकांना पळता आले ते त्यामुळेच. नोटिशीने नोकरी वाचत नाही, आणि वाचते असे मी म्हणतही नाही. पण जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन शेजारी बसलेल्या त्या तरुणाला मेच्या मध्यावर सरळ, तारखेनिशी सांगितले असते, तर त्याने तेवढ्या उजेडात खाचरात तरवा टाकला असता, आणि घराचा पाया मात्र खणला नसता.